ताजी लीद

माझी आई नातेवाइकांना माझे काम सांगताना "ती हत्तींवर संशोधन करते" इथपर्यंत येते आणि थांबते. आपली मुलगी हत्तींची लीद गोळा करते, वाळवते, चाळते आणि तिच्यातले संप्रेरक मोजते, हे पुढचे वाक्य तिने आजवर एकाही लग्नकार्यात उच्चारलेले नाही. मामाचे तसे नाही. दोडामार्ग तालुक्यात त्याची केळीची आणि सुपारीची बाग आहे आणि 2002 च्या सुमारास कर्नाटकातून सिंधुदुर्गात हत्ती उतरल्यापासून लीद हा त्याच्याही ओळखीचा पदार्थ झाला आहे. मी त्याला माझ्या कामाचे स्वरूप पहिल्यांदा सांगितले तेव्हा तो बागेतल्या पाटाच्या कडेला बसून पायाचा चिखल धूत होता. "म्हणजे हत्तीची लीद उचलूक इतक्या शिकलंस?" एवढेच तो म्हणाला आणि दुसरा पाय पाण्यात सोडला.

सावंतवाडीत बी.एस्सी. आणि पुण्यात एम.एस्सी. करताना मला लीद कुठेच दिसत नव्हती. दिसत होते ते हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाचे उंदीर. माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या सेल्येने 1936 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक छोटेसे पत्र छापले. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य यांपैकी काहीही उंदराच्या वाट्याला आले तरी त्याचे शरीर एकाच ठरावीक पद्धतीने उत्तर देते, असे त्याचे म्हणणे होते: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी फुगतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठराला व्रण पडतात. कारणे निरनिराळी आणि शरीराचे उत्तर मात्र एक, ही कल्पना विसाव्या वर्षी फार मोहक वाटते. पुढे या उत्तराला 'स्ट्रेस' हे नाव चिकटले. आपले इंग्रजी तेव्हा अधिक चांगले असते तर आपण 'स्ट्रेन' हा शब्द निवडला असता, असे सेल्येने नंतर कबूलही केले.

मराठीत तर हा घोळ आणखी गमतीचा आहे. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात स्ट्रेस म्हणजे प्रतिबल आणि स्ट्रेन म्हणजे विकृती, असे दोन स्वच्छ शब्द आहेत. जीवशास्त्रात, वर्तमानपत्रात आणि घरात मात्र एकच शब्द उरतो, तो म्हणजे ताण. तो दोरीला देता येतो, मनावर येतो, नात्यांत निर्माण होतो, आणि दुपारी भरपेट जेवल्यावर माणूस निवांत ताणूनही देतो. ज्या शब्दाच्या एका टोकाला झोप उडणे आणि दुसऱ्या टोकाला गाढ झोपणे आहे, त्या शब्दाने प्राण्यांचे शरीर मोजायला मी निघाले होते. हे माझ्या लक्षात यायला पीएच.डी.ची तीन वर्षे गेली.

बंगळूरमध्ये मुलाखतीला गेले तेव्हा, पुढे माझे मार्गदर्शक झालेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला होता: ताण म्हणजे काय ते एका वाक्यात सांगा. मी पाठ केल्याप्रमाणे सांगितले, की ताण म्हणजे कॉर्टिसॉल वाढणे. सरांनी विचारले, "आज सकाळी तुम्ही जाग्या झालात तेव्हा तुमचे कॉर्टिसॉल दिवसभरातल्या सर्वांत वरच्या पातळीच्या आसपास होते. तुम्ही कुठल्या संकटात होता?" मी गप्प बसले. प्रवेश मिळाला, पण ते वाक्य मी अजूनही दुरुस्त करते आहे.

थोडे मागे जाऊन सांगते. चितळाला रानकुत्र्यांची चाहूल लागली की काही क्षणांत अॅड्रेनॅलिन सुटते, छाती धडधडते आणि पाय सुटतात. त्यामागोमाग, मिनिटांच्या हिशेबात, दुसरी साखळी हलते: मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी रक्तात एसीटीएच नावाचे संप्रेरक सोडते, आणि तो निरोप पोहोचला की मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ग्लुकोकॉर्टिकॉइड नावाची संप्रेरके तयार करू लागतात. हत्तीत, चितळात आणि आपल्यात ते मुख्यतः कॉर्टिसॉल असते, पक्ष्यांत आणि उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन. 'ग्लुकोकॉर्टिकॉइड' या नावाच्या सुरुवातीलाच ग्लुकोज आहे, आणि तिथेच खरी मेख आहे. या संप्रेरकाचे मूळ काम भीती दाखवणे हे नसून साखर बाजारात आणणे हे आहे. साठ्यातली ऊर्जा मोकळी करायची आणि वाढ, पचन, प्रजनन ही लांबणीवर टाकता येण्याजोगी कामे लांबणीवर टाकायची, असा तो आणीबाणीतला खर्चाचा हिशेब असतो. वाघ मागे लागला तरी हा हिशेब होतो, उन्हाळ्यात गवत वाळले तरी होतो, गर्भारपणात होतो आणि रोज पहाटे उठतानाही थोडा होतोच.

आता हे रानात मोजायचे कसे? रक्त घ्यायचे तर जनावर धरावे लागते, आणि धरल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत रक्त घेतले नाही तर आपण धरल्याचाच ताण त्या नळीत भरून आणतो. रॉबर्ट सापोल्स्की 1978 पासून केनियात बबून माकडांचे रक्त घेत असे, तेव्हा तो फुंकनळीतून बेशुद्धीची सुई मारायचा. पण ती मारायची म्हणजे दिवसाची वेळ ठरलेली हवी, त्या माकडाचे त्या दिवशी भांडण झालेले नको, समागम झालेला नको, आणि मुख्य म्हणजे त्याची पाठ आपल्याकडे हवी, कारण सुई येताना दिसली की सगळेच फुकट. हत्तीच्या बाबतीत असा विचारही करवत नाही. म्हणून लीद. रक्तातले कॉर्टिसॉल यकृतात मोडते, त्याचे तुकडे पित्तावाटे आतड्यात येतात आणि हत्तीत दीड-दोन दिवसांनी बाहेर पडतात. म्हणजे आज उचललेली लीद परवाची हकीकत सांगते, आणि तीही एखाद्या क्षणाची नसून अनेक तासांची मिळून एक सरासरी असते. हत्ती दिवसाकाठी शंभर किलोच्या आसपास लीद टाकतो, त्यामुळे निदान कच्च्या मालाची टंचाई नसते.

या पद्धतीची मला भुरळ पडली ती एका देवमाशामुळे. कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात राइट व्हेल जातीच्या देवमाशांची पाण्यावर तरंगणारी विष्ठा गोळा करण्याचे काम 2001 मध्ये रोझलिंड रोलंड आणि त्यांचे सहकारी करत होते. ही विष्ठा हुंगून शोधण्यासाठी पुढे नावेच्या टोकावर कुत्रीही उभी राहिली. त्या वर्षी 11 सप्टेंबरला न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि जहाजांची वाहतूक एकाएकी रोडावली. त्याच उपसागरात दुसरे एक पथक पाण्याखालचे आवाज नोंदवत होते, त्यांना समुद्रातला गोंगाट सहा डेसिबलने उतरलेला दिसला. त्या दिवसांतल्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे अवशेष नंतरच्या वर्षांतल्या त्याच हंगामाच्या तुलनेत कमी निघाले. हा शोधनिबंध 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मी तो एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी वाचला, रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन मैत्रिणीला सगळा सांगितला, आणि आपणही असेच काहीतरी सिद्ध करायचे असे ठरवून टाकले. सिद्ध काय करायचे तेही ठरले होते: रानात हत्ती सुखात असतो आणि माणसांजवळ आला की त्रासात असतो. उत्तर आधी ठरवून प्रश्न शोधणारी मी काही पहिली विद्यार्थिनी नव्हते.

बंडीपूरच्या बाजूला माझे पहिले वर्ष गेले. तिथे माझ्यासोबत असणारे अण्णा जेनु कुरुब समाजातले, वयाने माझ्या वडिलांएवढे. लिदीला ते कन्नडमध्ये 'लद्दी' म्हणत आणि तिच्याकडे पाहून हत्ती केव्हा गेला ते माझ्या घड्याळापेक्षा नेमके सांगत. आमचे काम मुख्यतः वाट पाहण्याचे होते. पाणवठ्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला जीप लावून बसायचे, मादी लीद टाकताना दिसली की वेळ लिहायची, आणि कळप पुरता नजरेआड होईपर्यंत हलायचे नाही. अण्णा उतरा म्हणेपर्यंत उतरायचे नाही, हा नियम मी फक्त एकदा मोडला. घाणेरीच्या जाळीत एक हत्तीण मागे राहिली होती, तिने कान फडकावले आणि मी जीपच्या टपावर कशी पोहोचले ते मला आठवत नाही. अण्णा हसले नाहीत. उरलेला दिवस ते माझ्याशी बोललेही नाहीत.

ताजी लीद पहाटेच्या गारव्यात वाफाळत असते. वरचा पापुद्रा उन्हापावसाने आणि शेणकिड्यांनी लगेच बिघडतो, म्हणून हातमोजा घालून गोळा फोडायचा आणि आतल्या गाभ्यातले चिमूट-चिमूट घ्यायचे, तेही एका गोळ्यातले नव्हे, तीन-चार गोळ्यांतले, कारण संप्रेरक लिदीत सारखे पसरलेले नसते. गोळ्याचा परीघ मोजायचा, त्यावरून हत्तीच्या वयाचा अंदाज येतो. पिशवीवर तारीख, वेळ, ठिकाण, परीघ आणि हत्तीची अंगकाठी लिहायची: बरगड्या दिसतात का, पाठीचा कणा वर आला आहे का, कानशिलाचा खड्डा किती खोल आहे. मग बर्फाच्या पेटीत. तो गाभा नाकाजवळ नेला तर कुजलेला वास येत नाही, ओल्या बांबूचा आणि चघळलेल्या गवताचा येतो. हत्ती खाल्ल्यातले निम्मेही पचवत नाही. हे मी आईला पटवून देण्याचा प्रयत्न केला होता.

प्रयोगशाळेत हा सगळा ऐवज वाळतो, कुटला जातो, चाळणीतून जातो, आणि त्यातली चिमूटभर पूड अल्कोहोलमध्ये घुसळून तिचा अर्क निघतो. तो 96 खळग्यांच्या तबकडीत घालायचा. त्या खळग्यांच्या तळाशी कॉर्टिसॉलला पकडून ठेवणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात. आपल्या अर्काबरोबरच प्रत्येक खळग्यात रंग आणू शकणारे, खूण केलेले कॉर्टिसॉल ठरलेल्या मापाने घालतात. मग एसटीत होते तेच इथे होते: जागा मोजक्या आणि उतारू दोन गटांचे. शेवटी रंगाचे द्रव्य टाकले की खळगे निळे होतात आणि आम्लाचा थेंब पडला की पिवळे, आणि यंत्र त्या पिवळ्याची गडदता 450 नॅनोमीटरवर वाचते.

माझी पहिली पूर्ण तबकडी मी एका शनिवारी एकटीने केली. उन्हाळ्यातल्या, बरगड्या दिसणाऱ्या हत्तींचे खळगे फिके आले आणि पावसाळ्यानंतरच्या गुबगुबीत हत्तींचे गडद पिवळे. मला नवल वाटले, पण फार वेळ नाही. रविवारी मी दोन पानांचे स्पष्टीकरण लिहिले: पावसाळ्यानंतर नर माद्यांच्या मागे असतात, कळपांची गर्दी बदलते, म्हणून ताण अधिक, उन्हाळ्यात हत्ती हालचाल कमी करून शक्ती राखतात, म्हणून ताण कमी. वाचायला ते फार छान होते. सोमवारी सरांनी ती पाने वाचली, तबकडीचा फोटो मागितला आणि विचारले, "या खळग्यांत रंग कोणाचा आहे? तुमच्या हत्तीचा की बाटलीतला?"

रंग बाटलीतला होता. लिदीतले कॉर्टिसॉल जितके जास्त, तितक्या जागा ते अडवणार आणि रंगवाल्या उतारूंना तितकी कमी जागा मिळणार. म्हणजे फिका खळगा हा जास्त कॉर्टिसॉलचा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असावी अशी ही गोष्ट मी आकडे चढवताना उलटी धरली होती. आकडे सुलटे केल्यावर दुष्काळी, हडकुळ्या हत्तींचे कॉर्टिसॉल जास्त निघाले, जे निलगिरी-म्हैसूरच्या जंगलांतून आधीच प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांशी जुळत होते. चूक दहा मिनिटांत दुरुस्त झाली. मला धसका बसला तो त्या दोन पानांचा. उलट्या आकड्यांनाही मी इतके सुरेख कारण देऊ शकत असेन, तर सुलट्या आकड्यांना देत असलेले कारण खरेच आहे, हे कशावरून? ती दोन पाने मी फाडली नाहीत, टेबलाच्या खणात ठेवली आहेत.

दुसरे वर्ष एका फ्रीजरने खाल्ले. सुट्टीच्या आठवड्यात वीज गेली, जनित्र सुरू झाले नाही, आणि माझ्या जवळजवळ शंभर पिशव्या पाण्यात तरंगत मिळाल्या. लिदीतले सूक्ष्मजीव उष्णता मिळाली की संप्रेरकांचे अवशेष पुढे मोडत जातात, त्यामुळे त्या पिशव्यांतले आकडे आता हत्तींचे नसून फ्रीजरचे झाले होते. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

माझा ठरवून आणलेला निष्कर्ष पडला तो 2019 मध्ये. त्या वर्षी संजीता शर्मा पोखरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. शेतांच्या आसपास वावरणाऱ्या, पिके खाणाऱ्या हत्तींच्या लिदीत ग्लुकोकॉर्टिकॉइडचे अवशेष जंगलातल्या हत्तींपेक्षा कमी होते, असे त्यात होते. फटाके, मशाली, हाकारे, विजेची कुंपणे एवढे सगळे असूनही कमी. त्यांनी त्याचा संबंध आहाराशी लावला होता: पिकांत पोषण जास्त, नत्र जास्त, आणि पोट भरलेले असेल तर साठ्यातली साखर बाहेर काढण्याची शरीराला गरज कमी. मी तो निबंध एकदा नाराज होऊन आणि दुसऱ्यांदा लाज वाटून वाचला. संप्रेरकाच्या नावात काय आहे, हे मला माहीत होते. मी ते विसरायचे ठरवले होते.

आणि त्याच वर्षी मध्य भारतातल्या वाघांवरचे काम आले, त्याचा कल वेगळा होता. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी कान्हा आणि बांधवगडमधल्या वाघांच्या विष्ठेत पर्यटनाच्या हंगामात हीच संप्रेरके वाढलेली दाखवली. म्हणजे माणसाची जवळीक वाघाच्या आकड्यात वर दिसते आणि हत्तीच्या आकड्यात खाली दिसू शकते. कारण जिप्सीतून आलेला पर्यटक वाघाला काही खायला घालत नाही आणि माझ्या मामाची बाग हत्तीला घालते. यातून "वाघ दुःखी, हत्ती सुखी" असे म्हणायचा मोह होतो, आणि बातम्यांचे मथळे तसेच येतात. पण मॉली डिकन्स आणि मायकेल रोमेरो यांनी 2013 मध्ये अनेक जातींवरच्या अभ्यासांची झडती घेतली, तेव्हा दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या रानटी प्राण्यांची अशी एकच ठरावीक संप्रेरक-खूण सापडत नाही, असेच त्यांना दिसले. कुठे पातळी चढते, कुठे उतरते, कुठे हलतच नाही. सेल्येच्या उंदरांनी दिलेले एकच एक उत्तर रानात गेल्यावर असे फुटते. मला आता कोणी एखाद्या प्राण्याचा एकच आकडा दाखवून ताण आहे का विचारले तर मी आधी ऋतू विचारते, मग नर की मादी, मग काय खाल्ले होते, आणि लीद किती वेळ उन्हात होती. लोकांना हे टाळाटाळीसारखे वाटते. समित्यांना तर फारच.

मामाला वाटले नाही. मे महिन्यात घरी गेले होते तेव्हा मी त्याला हत्तींचा तो निबंध समजावून सांगितला. आदल्याच आठवड्यात त्याच्या बागेत हत्ती येऊन गेले होते, तलाठ्याचा आणि वनखात्याचा पंचनामा झाला होता, आणि आडव्या पडलेल्या केळींच्या सोपटांवर आम्ही दोघे बसलो होतो. तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझी केळी खाऊन हत्तीक झोप लागता आणि माका लागत नाय." मी म्हटले, तसे अगदी म्हणता येणार नाही, पण जवळपास. "मगे माझो ताण कोण मोजतलो?"

हे मात्र खरोखरच करता आले असते. माणसाचे कॉर्टिसॉल लाळेत मोजता येते, त्याला रक्तही लागत नाही. मी तसे सांगितल्यावर तो चक्क तयार झाला, काय काय करावे लागेल ते विचारू लागला. पण लाळ देण्याआधी अर्धा तास तोंडात काही चालत नाही, पानसुद्धा नाही, हे ऐकल्यावर त्याने नकार दिला.

त्यानंतर मात्र तो माझ्या कामात लक्ष घालू लागला. गोळा आतून का फोडायचा, पिशवीवर काय काय लिहायचे, फोटोत शेजारी मापाला वस्तू का ठेवायची, हे त्याने एकेक करून विचारून घेतले. माझ्या परवानगीच्या कागदात दोडामार्ग नाही, तिथली लीद माझ्या प्रबंधात येऊ शकत नाही, हेही मी त्याला सांगितले होते. त्याने मान हलवली होती.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी सहा वाजता मोबाइल वाजला. बागेतल्या ओल्या मातीवर लिदीचे पाच गोळे, त्यात नारळाच्या झावळीचे धागे स्पष्ट दिसत होते, आणि शेजारी मापासाठी मामाची उजव्या पायाची चप्पल. खाली लिहिले होते: "ताजी आसा. वाफ येता." मी बंगळूरमध्ये चहा पीत होते. आतली घे, पिशवीत भर आणि थंड ठेव, असे सवयीने लिहून गेले. पाच मिनिटांनी उत्तर आले: "मामी फ्रीजात ठेवूक देणा नाय."

दुपारी दुसरा फोटो आला. मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या चुऱ्यावर पिशवी नीट ठेवलेली होती. तिच्यावर मार्करने, मी शिकवले होते त्याच क्रमाने, तारीख, वेळ, ठिकाण आणि गोळ्याचा परीघ लिहिला होता. त्याखाली त्याने स्वतःचा एक रकाना वाढवला होता: केळी, 27.